मूळ प्रत पाहिली

बँकेच्या त्या शाखेत चार नंबरच्या खिडकीवर बसणाऱ्या साहेबाला सगळे भिंग म्हणत. तोंडावर भिंगसाहेब, पाठीमागे नुसतंच भिंग. त्याच्या टेबलाच्या खणात पितळी दांड्याचं एक भिंग असे आणि कुणी ओळखपत्राची झेरॉक्स साक्षांकित करायला आणली की ते बाहेर निघे. आधी मूळ कागद, मग झेरॉक्स, मग पुन्हा मूळ कागद. एकेक ओळ तो मोठ्याने वाचायचा आणि समोरच्याने प्रत्येक ओळीला "हो" म्हणायचं. फोटोची पाळी आली की, "चष्मा काढा. इकडे बघा." मग शिक्का: 'मूळ प्रत पाहिली, पडताळली.' त्याखाली सही, सहीच्या शेवटी उंदराच्या शेपटीसारखं वळण, आणि सर्वांत शेवटी ठरलेलं वाक्य, "सगळं बरोबर आहे." हे वाक्य कानावर पडल्याशिवाय माणसं खिडकीवरून हलत नसत.

लोक वैतागत, पण येत त्याच्याकडेच. भिंगचा शिक्का असला की पुढे कुठल्याच कचेरीत कुणी उलट प्रश्न विचारत नसे. बायकोच्या सख्ख्या भावाला, मूळ परवाना घरी राहिला म्हणून, त्याने एकदा हात हलवत परत पाठवलं होतं. तो परवाना घेऊन येईस्तोवर खिडकी बंद झाली होती. मेहुणा दोन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. भिंगला त्याचं काही वाटलं नाही. "नात्याच्या जागी नातं, कागदाच्या जागी कागद," असं तो म्हणे आणि वर चहा पिई.

आता दिव्याखाली अंधार असतोच, तसा तो इथेही होता. घरचे कागद भिंग तपासत नसे. मुलाच्या प्रवेशाचे, विजेच्या मीटरचे, विम्याचे, जे काही लागेल त्याच्या झेरॉक्स बायको एका जाड पाकिटात घालून डब्याच्या पिशवीत ठेवायची. जेवणाच्या सुट्टीत तो ते पाकीट काढी, डाव्या हाताने कागदाचा कोपरा उचली, उजव्याने शिक्का, सही, पुढचा कागद. घरच्या कागदांचं काय बघायचं? मूळ प्रती त्याच्याच कपाटात, त्यानेच लावलेल्या, त्याला तोंडपाठ. हातच्या कंकणाला आरसा कशाला, हा त्याचा त्यावरचा हिशेब.

त्या गुरुवारी अकराच्या सुमाराला शाखाधिकारी मॅडम स्वतः त्याच्या खिडकीमागे आल्या आणि एक पाकीट ठेवून गेल्या. रोजचंच काम होतं, त्यांनी ते रोजच्याच आवाजात सांगितलं. कुठल्याशा निवासी शाळेने एका बाईंची नेमणूक केली होती. शाळा लहान मुलांची, तीही ऐकू न येणाऱ्या मुलांची, त्यामुळे तिथे कुणालाही ठेवून घेण्याआधी शाळावाले साक्षांकित प्रती, ज्याने त्या केल्या त्याच्याकडे परत पाठवून खात्री करून घेत. सहा प्रती होत्या, सोबत एक छापील फॉर्म. उत्तर आजच्या चारच्या टपालाने जायला हवं, नाहीतर बाईंची नेमणूक रद्द. "तुमचाच शिक्का आहे," मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम."

भिंगने भिंग काढलं. शिक्का त्याचा होता. सही त्याचीच, शेपटीसकट. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. त्याने पहिला कागद वाचायला घेतला. जन्माचा दाखला. नाव वाचलं, वडिलांचं नाव वाचलं, आडनाव वाचलं आणि हे कुठेतरी ऐकलंय असं त्याला वाटलं. खिडकीवर रोज शंभर नावं येतात, त्यातलंच एखादं असेल, असं म्हणून त्याने दुसरा कागद उचलला. पदविकेचं प्रमाणपत्र, ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवण्याची पदविका, पंचवीस वर्षांपूर्वीची, त्याच नावाची. तिसरा कागद विवाहाचा दाखला होता. त्यावर त्या बाईंचं आधीचं नाव होतं, नंतरचं नाव होतं, आणि नवऱ्याच्या रकान्यात त्याचं स्वतःचं नाव होतं.

त्याने ते भिंगातून पाहिलं. मग भिंग बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. अक्षरं हलली नाहीत.

पलीकडच्या खिडकीवरच्या कॅशियर बाई काहीतरी विचारत होत्या, त्यांचे ओठ हलताना त्याला दिसले, पण आवाज येईना. बायकोचं लग्नाआधीचं नाव त्याने चोवीस वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं आणि आज ते त्याला परक्या बाईचं वाटलं होतं, या गोष्टीचा धक्का आधी बसला. बाकीचे धक्के रांगेत उभे होते.

चौथा कागद ओळखपत्राचा. पाचवा इथल्याच, घरापासून चार गल्ल्या पलीकडच्या शाळेचा अनुभवाचा दाखला: या बाई गेली दोन वर्षं आमच्याकडे दुपारच्या सत्रात मुलांना शिकवतात, काम उत्तम आहे, मुलांना त्यांचा लळा आहे. दोन वर्षं! दुपारी ती कुठेतरी जाते एवढं त्याला ठाऊक होतं. तिने सांगितलंही असेल. तो मनाशी 'शिवणाचा वर्ग' असं धरून बसला होता, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. घरात शिवणाचं यंत्र नव्हतं.

आणि सहावा कागद नेमणुकीचं पत्र. वसतिगृहाच्या अधीक्षिका. काम निवासी. राहायला आवारातच एक खोली. वर्षातून दोनदा सुट्टी. रुजू व्हायची तारीख येत्या सोमवारची. शाळेचा पत्ता आठ तासांच्या प्रवासावरचा. या पत्राच्या उजव्या कोपऱ्यातही त्याचा शिक्का होता, सरळ, ठसठशीत, जरासुद्धा न फिसकटलेला.

तीन आठवड्यांपूर्वीचा तो दिवस त्याला हळूहळू आठवला. पाकीट जाडजूड होतं. त्याला वाटलं होतं, मुलाचे असतील. मुलगा वर्षभरापूर्वी शिकायला बाहेर गेला होता आणि त्याचे कागद अधूनमधून लागतच. घरी गेल्यावर त्याने पाकीट बायकोच्या हातात दिलं आणि सवयीने म्हणाला, "सगळं बरोबर आहे." ती स्वयंपाकघराच्या दारात पाकीट धरून बराच वेळ उभी होती. मग तिने विचारलं होतं, "सगळं बघितलंत ना?" आणि त्याने बूट काढता काढता मोठ्या तोऱ्यात उत्तर दिलं होतं, "मी बघितल्याशिवाय शिक्का मारतो का कधी?" नंतर तो जेवायला बसला होता.

म्हणजे तिला वाटतंय की मला माहीत आहे. तीन आठवडे ती त्याच्यासमोर वाढत होती, उठत होती, बसत होती, आणि नवऱ्याला सगळं ठाऊक असून तो अवाक्षर काढत नाही असं समजत होती.

त्याने फॉर्म पुढे ओढला. प्रश्न तीनच. शिक्का आपला आहे का? सही आपली आहे का? या दोन्हींना 'हो' लिहिताना हात अडला नाही. तिसरा प्रश्न होता: प्रत्येक कागदाची मूळ प्रत आपण स्वतः पाहून मगच प्रत साक्षांकित केली का?

'हो' लिहिलं तर ते खोटं. आयुष्यात पहिल्यांदा या खिडकीवरून जाणूनबुजून खोटं जाईल, आणि सोमवारी बायकोही जाईल. 'नाही' लिहिलं तर ते खरं. मग चौकशी होईल, बढती तर सोडाच, शिक्काही काढून घेतील. पण तिची नेमणूक रद्द होईल आणि ती घरी राहील. खरं बोलून आपला फायदा होतोय असा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता. आला, आणि त्याला स्वतःची शिसारी आली. कारण पहिलं सुचलं ते 'नाही' हेच, आणि ते खरेपणासाठी सुचलं नव्हतं.

तो उठला, मागच्या खोलीत गेला आणि घरी फोन लावला. इतक्या वर्षांत कामाच्या वेळात त्याने घरी फोन केला होता तो वडील गेले तेव्हा. त्यामुळे बायकोचा पहिला प्रश्न "काय झालं?" असाच आला.

"शाळेचं पत्र आलंय," तो म्हणाला. "मूळ प्रती घेऊन ये."

ती म्हणाली, "तुम्ही तर बघितल्या होत्यात."

"नाही बघितल्या."

"आणि सगळ्यात वरचं नेमणुकीचं पत्र?"

"तेही नाही."

ती एवढंच म्हणाली, "येते." मूळ प्रती कपाटात कुठे आहेत हे तो सांगायला गेला, तर त्या तिच्याजवळच होत्या. आठ महिन्यांपूर्वीच तिने त्या कपाटातून काढल्या होत्या. ज्या कपाटाचा त्याला एवढा अभिमान, त्यातली एक अख्खी फाईल आठ महिने जागेवर नव्हती आणि त्याला पत्ता नव्हता.

दोनला दहा कमी असताना ती आली. दारातल्या यंत्रातून तिने नंबरचं चिठोरं घेतलं आणि बाकावर बसली. शाखेत तिला कुणी ओळखलं नाही. या इमारतीत ती फार तर दोनदा आली असेल. तिच्या आधी तीन नंबर होते. भिंगने ते तिन्ही केले, पण कसे केले ते त्याचं त्याला माहीत. एका माणसाची जन्मतारीख त्याने दोनदा वाचली, दुसऱ्याला चष्मा नव्हताच तरी काढायला सांगितला. मधूनच त्याची नजर बाकाकडे जाई. ती पिशवी मांडीवर घेऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तिच्या शेजारी एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर बसले होते. हे आजोबा दर वर्षी हयातीच्या दाखल्यासाठी येत आणि दर वर्षी तोच विनोद करत.

तिचा नंबर लागला. ती खिडकीसमोर आली आणि भिंगच्या तोंडून सवयीने निघालं, "बसा."

चोवीस वर्षांत तो तिला पहिल्यांदा अहो-जाहो करत होता. दोघांच्याही ते लक्षात आलं. ती बसली. तिने सहा मूळ कागद एकावर एक काचेखालून आत सरकवले. त्याने उठून यंत्रावर त्यांच्या नव्या प्रती काढल्या, परत येऊन बसला, आणि वाचायला सुरुवात केली. नाव. "हो." वडिलांचं नाव. "हो." जन्मस्थळ. ते त्याला वेगळंच वाटत होतं, पण कागद खोटं बोलत नव्हता. "हो." पदविका, पहिला वर्ग. "हो." पहिला वर्ग मिळाला होता हेही त्याला आताच कळत होतं. त्याचा आवाज खाली खाली जात होता आणि मागे रांगेतले लोक चुळबुळ करायला लागले होते.

ओळखपत्राशी येऊन तो थांबला. फोटो नवा होता. कपाळावरचे केस पांढरे, गालाची हाडं वर आलेली. त्याने मान वर केली.

"चष्मा काढा," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "चष्मा कधी लागला?"

"दीड वर्ष झालं."

ती रोज त्याच्यासमोर बसायची, याच चष्म्यातून त्याच्याकडे बघायची. जो माणूस फोटोतल्या तिळावरून लोकांना परत पाठवतो, त्याला बायकोच्या नाकावरचा चष्मा दीड वर्षात दिसला नव्हता. त्याला भयंकर लाज वाटली, इतकी की उठून जावंसं वाटलं. पण पुढचं वाक्य ठरलेलं होतं आणि ते म्हणावंच लागणार होतं.

"इकडे बघा."

"मी बघतेच आहे," ती म्हणाली.

त्याने पाहिलं. फोटो पाहिला, चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. भिंगाची गरज नव्हती. खालच्या पापणीजवळ एक बारीकसा व्रण होता, तो कशाचा हेही त्याला ठाऊक नव्हतं.

"मला सांगायचं नाही?" त्याने विचारलं. आवाज खिडकीपलीकडे जाणार नाही इतका बारीक केला होता.

"सांगितलं होतं. सगळ्यात वर ठेवलं होतं."

"तोंडाने सांगायचं."

"तोंडाने सांगितलेलं तुम्ही ऐकता कुठे? दोन वर्षं शाळेत जाते, किती वेळा सांगितलं असेल. म्हटलं, माणसाचं ऐकत नाहीत, पण कागद वाचतात. जगात कुणाचाही कागद न वाचता सोडत नाहीत." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "त्या दिवशी तुम्ही सगळं बरोबर आहे म्हणालात आणि जेवायला बसलात. वर भाजीत मीठ कमी आहे म्हणालात. मला वाटलं, सुटलो असं झालं असेल यांना."

नाही, नाही, असं त्याला ओरडून सांगायचं होतं. तसं काही झालं नव्हतं, त्याला काही माहीतच नव्हतं, पण हा बचाव त्या आरोपापेक्षा वाईट होता.

"आणि मी अडवलं असतं तर?"

मागे कुणीतरी खाकरलं.

"थांबले असते," ती म्हणाली. "खरं सांगते. वाट बघत होते. आठवडाभर वाट बघितली, आज विचारतील, उद्या विचारतील. मग एका सकाळी लक्षात आलं की आता विचारलं तरी मी थांबणार नाही. त्या मुलांना मी येते म्हणून कळवलंय. मला जायचंय."

"आता?"

"आता शिक्का मारा."

सहावा कागद राहिला होता. त्याने तोही वाचला, एकही ओळ न गाळता. वसतिगृहाच्या अधीक्षिका. "हो." काम निवासी. "हो." वर्षातून दोनदा सुट्टी. "हो." रुजू होण्याची तारीख. ती मात्र त्याने दोनदा वाचली. ती तेवढा वेळ थांबली आणि मग म्हणाली, "हो."

त्याने शिक्का शाईवर टेकवला. पण तीन आठवड्यांपूर्वी इतका ठसठशीत उठलेला शिक्का आज एका बाजूला फिका आला. सही केली. मग त्याने फॉर्म घेतला आणि तिसऱ्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. खाली, जिथे शेऱ्यासाठी दोन ओळी सोडल्या होत्या, तिथे लिहिलं: आधीच्या प्रती मी मूळ कागद न पाहता साक्षांकित केल्या, चूक सर्वस्वी माझी आहे. आज मूळ कागद व व्यक्ती समक्ष पाहून नव्या प्रती करून जोडल्या आहेत, त्या ग्राह्य धराव्यात. शाखाधिकारी मॅडमना बोलावून त्याने ते वाचून दाखवलं. त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं की, शहाण्या माणसाने आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा, 'हो' लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? हे वरच्या ऑफिसला कळवावं लागेल, ठाऊक आहे ना? तो म्हणाला, ठाऊक आहे. मॅडमनी एकदा काचेपलीकडच्या बाईकडे पाहिलं, एकदा विवाहाच्या दाखल्याकडे पाहिलं, आणि फॉर्मवर आद्याक्षरं केली. पाकीट चारच्या टपालाच्या ट्रेमध्ये पडलं.

मूळ कागद त्याने काचेखालून परत दिले. तिने ते फाईलमध्ये नीट लावले, चष्मा घातला, पण उठली नाही. सगळेच थांबतात तशी तीही थांबली होती. ते ठरलेलं वाक्य यायचं होतं.

त्याने तोंड उघडलं. हजारो लोकांना ते वाक्य त्याने सांगितलं होतं, आत्ता ते बाहेर पडेना.

"कागद बरोबर आहेत," तो म्हणाला.

तिने मान हलवली. क्षणभर तिचा हात काचेखालच्या फटीशी आला, तिथे त्याचा हात होताच, पण मध्ये शाईचा डबा होता आणि दोघांपैकी कुणी तो सरकवला नाही. मग ती उठली आणि दाराकडे गेली. दार ढकलायचं की ओढायचं याबद्दल तिचा थोडा घोटाळा झाला, तेवढाच काय तो वेळ लागला.

पुढचा नंबर लागला. इंजिन ड्रायव्हर आजोबा काठी टेकत आले, बसले, हयातीचा अर्ज आत सरकवला आणि दर वर्षीचा विनोद केला, "बघा साहेब, आहे का मी जिवंत." सांगायच्या आधीच त्यांनी चष्मा काढला आणि चेहरा पुढे केला.

भिंगने मान वर केली. त्याने डोळे मिटले, उघडले, खणातलं भिंग काढलं, परत ठेवलं. समोर एक माणूस बसलाय एवढंच त्याला कळत होतं. चेहरा काही केल्या दिसेना, सगळं डोळ्यांतल्या पाण्यात बुडालं होतं.

आजोबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि खिडकीच्या कडेवर दोन्ही कोपरं ठेवून नीट बसले.

"सावकाश होऊ द्या, साहेब," ते म्हणाले. "मला कुठे जायचंय?"